घोडा, चंदी आणि चाळीस टक्के

आवाज नीट येतोय ना? मी कोलकात्याहून, बालीगंजमधून बोलते आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी "रेसचे घोडे" म्हटलं, आणि पलीकडे क्षणभर शांतता झाली. कोलकात्यातल्या मराठी बाईने दुर्गापूजेवर, शांतिनिकेतनवर, फार तर मिष्टी दोईवर बोलावं अशी अपेक्षा असणार. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझी नोकरी बँकेतली. घोड्यावर मी कधी बसले नाही, घोड्यावर पैसेही कधी लावले नाहीत. मला यातला हिशेब आवडतो, आणि सध्या तो हिशेब फार बिघडला आहे.

आधी बालीगंजबद्दल दोन शब्द. आज इथे फ्लॅट, साड्यांची दुकानं आणि मिठाईवाले दिसतात, पण हा भाग एके काळी घोडेस्वारांचा होता. गव्हर्नर जनरलच्या अंगरक्षक दलाचा तळ इथे होता. नंतर 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी गोऱ्या स्वारांच्या पलटणीचा क्लबही इथेच होता. ही पलटण आपल्या गोव्याच्या इतिहासातही डोकावून जाते. मार्च १९४३ मध्ये हिच्यातल्या पोट सुटलेल्या, निवृत्तीला आलेल्या सभासदांनी मुरगाव बंदरातल्या जर्मन जहाजावर छापा घातला होता. तो वेगळा विषय आहे, मोह आवरते.

आणि घोडा म्हटलं की बंगालमध्ये मराठी माणसाला जरा खाली मान घालावी लागते. १७४१ नंतरची दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांचे स्वार इथे येऊन लुटालूट करत होते. 'बर्गी' हा बंगाली शब्द आपल्या 'बारगीर'वरून आलेला आहे, आणि मुलांना झोपवताना अजून त्यांची भीती घातली जाते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असतो, बारगिराला सरकारी पागेतला मिळतो. हा फरक लक्षात ठेवा. रेसकोर्सवर घोड्याचा मालक एक, शिकवणारा दुसरा, बसणारा तिसरा आणि खरारा करणारा चौथा. चौघांचं पोट मात्र त्या एकाच घोड्यावर.

बालीगंजहून टॅक्सीने व्हिक्टोरिया मेमोरियलकडे निघालं की वीसेक मिनिटांत रेसकोर्स लागतं. रॉयल कलकत्ता टर्फ क्लब १८४७ चा. त्याच्या आधीही इथे शर्यती होत होत्या. सुरुवातीला धावायचे ते अरबी घोडे. मग ऑस्ट्रेलियातून, न्यू साउथ वेल्समधून जहाजं भरभरून घोडे येऊ लागले. मुख्य गिऱ्हाईक लष्कर. त्या घोड्यांना 'वेलर' म्हणत. थरोब्रेडचं राज्य त्यानंतरचं. व्हाइसरॉय कपच्या दिवशी नाताळात अर्धं हिंदुस्थान सरकार इथल्या स्टँडमध्ये बसलेलं असे. 'कलकत्ता स्वीप' ही क्लबची सोडत जगभर गाजली होती. अमेरिकेत आजही लिलाव करून लावलेल्या पैजेला 'कलकत्ता' म्हणतात, तो शब्द इथून गेला. आर्मेनियन व्यापारी गालस्टॉन यांचे घोडे आणि त्यांच्या इमारती, दोन्ही शहरात प्रसिद्ध होते. घोडे गेले, इमारती आहेत.

आता मुद्द्यावर येते. बंगालमध्ये शर्यत होते, पण थरोब्रेडची पैदास होत नाही म्हटलं तरी चालेल. हवा दमट, जमीन चिखलाची. कोवळ्या शिंगराच्या हाडांना कोरडी, कडक जमीन आणि मोकळं रान लागतं. ते आपल्याकडे आहे. पुण्याच्या आसपास, मावळात, तसंच कर्नाटकात कुणिगलला, पंजाबात आणि हरियाणात. पूनावाला स्टड १९४६ पासून पुण्यात आहे. देशातल्या प्रत्येक थरोब्रेडची जन्मनोंद ठेवणारी स्टड बुक ऑथॉरिटीही पुण्यातच आहे. म्हणजे व्हिक्टोरियाच्या घुमटासमोर पळणाऱ्या घोड्याचं माहेर बरेचदा महाराष्ट्रात असतं.

आपण देश म्हणून अवाढव्य, पण या धंद्यात लहान आहोत. अमेरिकेत वर्षाला सतरा-अठरा हजार थरोब्रेड शिंगरं जन्मतात. आयर्लंडची लोकसंख्या एकट्या मुंबईपेक्षा कितीतरी कमी, तिथे नऊ हजारांच्या आसपास. आपल्याकडे हजार-दोन हजारांच्या घरात. एवढ्याशा शिंगरांवर मुंबई, पुणे, बंगळूर, म्हैसूर, हैदराबाद, दिल्ली, कोलकाता ही सगळी मैदानं चालवायची.

आणि हा कारखाना हवा तेव्हा बंद-चालू करता येत नाही. गाईम्हशींसारखं कृत्रिम रेतन थरोब्रेडला चालत नाही. जगभरचा नियम आहे, नर आणि मादी प्रत्यक्ष एकत्र आले पाहिजेत, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. डीएनए तपासून आईबाप ठरवतात. घोडी अकरा महिने गाभण राहते. त्यातही सगळ्या शिंगरांचा वाढदिवस एक जानेवारी धरतात. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी जन्मलेलं शिंगरू आठवड्याभरात कागदोपत्री एक वर्षाचं होतं आणि त्याची किंमतच जाते. म्हणून सगळी धडपड जानेवारीनंतर लवकरात लवकर शिंगरू व्हावं याची. थंडीत घोडीच्या तबेल्यात दिवे लावून तिला दिवस मोठा झाल्याचं भासवतात. मला यात निसर्गापेक्षा कॅलेंडर जास्त दिसतं, पण असो.

एक उदाहरण घ्या. २०२२ च्या वसंतात एक घोडी फळवली. २०२३ च्या आरंभी शिंगरू झालं. त्याला वाढवलं, विकलं, लगाम-खोगिराची सवय लावली. २०२५ च्या अखेरीस ते पहिल्यांदा मैदानात उतरण्याजोगं झालं. महालक्ष्मीची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते, म्हणजे त्याची डर्बी फेब्रुवारी २०२७ मध्ये. पैदास करणाऱ्याने २०२२ मध्ये जो पैसा घातला, तो पाच वर्षांपुढचा अंदाज बांधून. आणि हे शिंगरू पहिल्या शर्यतीच्या तयारीत असताना, २२ सप्टेंबर २०२५ ला, रेसच्या बाजीवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला.

आता तुम्ही म्हणाल, बरंच झालं. जुगारच तो. रेसच्या नादाने घरं बसलेली आपल्या सगळ्यांच्या माहितीत आहेत. गिरगावात, परळमध्ये, पुण्याच्या पेठांत 'तो रेसला जातो' हे वाक्य कुजबुजूनच बोललं जायचं. मला ते मान्य आहे, आणि जुगारावर जबर कर असावा हेही मान्य आहे. पण कर कशावर लागतो ते बघा.

मैदानावरची टोट म्हणजे सगळ्यांच्या पैशांचा एक डबा. क्लब त्यातून आपलं थोडं कमिशन काढतो आणि बाकीचं जिंकणाऱ्यांत वाटतो. कर त्या कमिशनवर नाही, डब्यात पडणाऱ्या प्रत्येक रुपयावर आहे. शंभर रुपयांच्या बाजीवर चाळीस रुपये. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजू की क्लब एक पैसाही घेत नाही आणि आपला माणूस सरासरीने खेळतो, म्हणजे जेवढं डब्यात टाकलं तेवढं परत मिळतं. तो १,४०० रुपये घेऊन गेला. १,००० डब्यात, ४०० कर. परत आलेले १,००० त्याने दुसऱ्या शर्यतीत लावले तर ७१४ डब्यात जातात. तिसऱ्या शर्यतीत ५१०. चौथ्या शर्यतीत ३६४. पाचव्यात २६०. कोणाकडूनही हरला नाही, तरी १,४०० चे २६० झाले. बँकेत असं खातं कोणी उघडलं असतं का?

खेळणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्या खिशात मोबाइल आहे आणि गल्लीत बेकायदा बुकी. बुकी कर घेत नाही, पावती देत नाही, उधारही देतो. शर्यत तीच, घोडा तोच, फक्त पैसा मैदानाबाहेर जातो. जुगार कमी झाला असं मला कुठे दिसत नाही. कमी झाला तो घोड्याच्या वाट्याला येणारा पैसा, कारण बुकी घोड्याला चंदी घालत नाही. क्लबच्या कमिशनातून बक्षिसांची रक्कम उभी राहते. बक्षिसांवर मालक घोडा घेतो. मालक घेणार म्हणून पुण्यातला माणूस घोडी फळवतो. साखळीची पहिली कडी निसटली की शेवटची हलायला तीन-चार वर्षं लागतात, आणि मधल्या काळात जन्मलेली शिंगरं तर जन्मून बसलेली असतात.

हा घोळ आजचा नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच रेसला २८ टक्क्यांच्या खान्यात टाकलं. क्लब कोर्टात गेले. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी कर कमिशनवरच हवा असं म्हटलं. पुढे अपील झालं, आणि २०२३ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त करून पूर्ण रकमेवर कर पक्का केला. गंमत अशी की सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नव्हे, असा निकाल दिलेला आहे. क्लबवाले तो निकाल सतत पुढे करतात. मला त्या वादात फार रस नाही. कौशल्याचा असो की नशिबाचा, हिशेब दोन्हीकडे सारखाच तोट्यात जातो.

इतर देश काय करतात? जपान बाजीच्या उलाढालीतूनच सरकारचा वाटा घेतो, पण तो १० टक्के. आयर्लंडमध्ये बुकीवर बाजीच्या रकमेच्या २ टक्के. शिवाय २००१ पासून तिथे सरकारी निधी आहे आणि त्यातून शर्यती आणि पैदास सांभाळली जाते. किल्डेअरला राष्ट्रीय स्टड फार्म आहे, लोक तिकीट काढून शिंगरं बघायला जातात. त्यांनी हा धंदा शेतीचा भाग मानला. आपण त्याला कसिनोशेजारी बसवलं.

जमिनीचा विषय थोडक्यात सांगते, कारण तो मोठा आहे आणि वेळ कमी. चेन्नईत गिंडीचं मैदान सप्टेंबर २०२४ मध्ये थकीत भाड्यापोटी सरकारने ताब्यात घेतलं. मुंबईत महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी गेले, ९१ क्लबकडे राहिले. त्यात मला फारसं गैर वाटत नाही, मुंबईला उद्यान हवंच आहे. कोलकात्याचं मैदान लष्कराच्या जागेवर आहे म्हणून बिल्डरांची नजर तिथे पोहोचत नाही. म्हणजे इथे मैदान राहील. प्रश्न त्यावर धावणाऱ्यांचा आहे.

घोडा साधारण पंचवीस वर्षं जगतो. शर्यतीतून तो सहाव्या-आठव्या वर्षी बाहेर पडतो. पुढची सतरा वर्षं कोण सांभाळणार? साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, रोज दहा-बारा किलो चारा-चंदी, शिवाय नालबंद आणि डॉक्टर. उत्तम घोड्या पैदाशीला परत जातात, मोजके नर स्टॅलियन होतात. काही रायडिंग स्कूलला, काही पोलो क्लबला. सीरमची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पूनावालांचे निवृत्त घोडे हाफकिनला जात, धनुर्वातासारख्या रोगांवरचं प्रतिविष त्यांच्या रक्तातून काढत. त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सापाच्या विषावरचं औषधही अजून घोड्याच्याच रक्तातून येतं. ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे. पण ती सगळ्या घोड्यांची सोय नव्हे. पैसा असतो तेव्हा मालक चार घोडे फार्मवर पोसतो. पैसा आटला की पहिली काटछाट कमाई न करणाऱ्या जनावराची होते. व्हिक्टोरियासमोरच्या टांग्यांना जुंपलेल्या घोड्यांची हालत उच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. मुंबईत २०१५ मध्ये कोर्टाने व्हिक्टोरिया गाड्या बंद करायचा आदेश दिला, पण बंद करा म्हटल्यावर घोडे हवेत विरत नाहीत.

आणि माणसं. इथले सईस, आपल्या जुन्या भाषेत मोतद्दार, बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशाकडचे. पहाटे चारला उठून तबेला साफ करणं, खरारा, मालिश, फिरवून आणणं. या माणसाला घोड्याच्या पायातली ऊब हात लावून कळते, पण दुसऱ्या कुठल्या कामाच्या अर्जात ते लिहिता येत नाही. घोडे कमी झाले की तो गावाला जातो आणि त्याचा मुलगा सिक्युरिटी गार्ड होतो.

मी शर्यतींची वकील नाही. उद्या देशाने ठरवलं की रेस नको, तर तसं स्पष्ट म्हणावं. तमिळनाडूने १९७४ मध्ये बंदीचा कायदा केला होता. तो कोर्टात टिकला नाही, पण निदान भूमिका सरळ होती. बंद करायचं तर तारीख सांगा, पाच वर्षं आधी सांगा, म्हणजे नवीन घोडी फळवली जाणार नाही आणि असलेल्यांची सोय लावता येईल. चालू ठेवायचं तर कर कमिशनवर लावा, आणि त्यातला एक ठरावीक हिस्सा निवृत्त घोड्यांच्या खात्यात टाका. तबेला चालू ठेवून चंदी बंद करायची, हा तिसरा मार्ग सध्या चालला आहे.

एक बरी बातमी पण सांगते. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्रातला एक विभाग घोड्यांच्या रोगांपासून मुक्त म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केला. भारतातून घोडा परदेशी स्पर्धेला न्यायचा तर आजवर विलगीकरणाचे इतके फेरे होते की खर्चानेच माणूस थकायचा. आता निदान वाट तयार झाली आहे. सध्या ती खेळाच्या घोड्यांसाठी जास्त उपयोगी आहे. पुण्याच्या शिंगरांना बाहेर गिऱ्हाईक मिळायला अजून बराच अवधी लागेल.

कोलकात्याचा थंडीचा मोसम नोव्हेंबर ते मार्च असतो. या दिवसांत आलात तर बालीगंजला कळवा. पहाटे सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला उभं राहिलं की धुक्यातून आधी टापा ऐकू येतात, घोडा मागाहून दिसतो. त्याला तिकीट लागत नाही, करही नाही.

चला, प्रश्न असतील तर घेऊया. चॅटमध्ये कोणीतरी विचारलंय, भीमथडी घोडा यात कुठे बसतो? नाही बसत. तो वेगळा वंश, चिवट, आखूड अंगाचा, शर्यतीचा नव्हे. पण त्यावर बोलायला धनगर आणि मेंढपाळ मंडळींपैकी कोणाला बोलवा, माझ्यापेक्षा ते चांगलं सांगतील.