वेष्टनावरील मिठाचा हिशेब

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



गुलमंडीवरचे मोठे दुकान असो की पैठणकडील खेड्यातले किराणा दुकान असो, तयार खाद्यपदार्थांचे पुडे आज सर्वत्र मिळतात. त्यांत मीठ किती, हे घेणाऱ्यास कळते काय? मी स्वतःचीच चूक सांगतो. घरी रक्तदाबाचे पथ्य चालू असता मी शेवेचा २०० ग्रॅमचा पुडा आणला. पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘मीठ’ हा शब्दच नव्हता. सोडियम ८०० मिलिग्रॅम, एवढेच होते. ग्रॅमभरसुद्धा नाही, असे मानून मी निश्चिंत झालो. वर्षानुवर्षे गणित शिकविणाऱ्याची ही गत!

चूक दुहेरी होती. सोडियम हा मिठाचा केवळ एक घटक होय. त्याच्या आकड्यास अडीचने गुणिले म्हणजे मिठाचे वजन निघते. शिवाय तो आकडा १०० ग्रॅम पदार्थाचा होता, पुड्याचा नव्हे. पुड्यात सोडियम १६०० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम मिठाइतके! जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. मुलांस त्याहूनही कमी. चौघांनी पुडा वाटून खाल्ला, तरी वरण, भाजी व लोणचे यांच्या आधीच प्रत्येकाच्या वाट्यास १ ग्रॅम आले. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. म्हणून गोड बिस्किटाचाही आकडा पाहावा.

२०२० च्या लेबल-नियमांप्रमाणे हा तपशील इंग्रजीत किंवा हिंदीत असला म्हणजे पुरे. मराठीची सक्ती नाही. घरातील आजीस तो वाचावा कसा? आपला पाचवीतला विद्यार्थी मात्र वाचू शकतो.

म्हणून प्रत्येक शाळेने रिकामी वेष्टने जमवावीत. फळ्यावर तीन प्रश्न मांडावेत: १०० ग्रॅमला सोडियम किती? पुडा किती ग्रॅमचा? त्यात मीठ किती? कोणाच्या डब्याची निंदा होऊ नये. मीठ वर्ज्य करावयाचे नाही. गलगंड टाळण्यास आयोडीनयुक्त मीठच वापरावे, पण बेताने.

मुलाने घरी जाऊन हा हिशेब आजीस समजावून दिला, म्हणजे पाठ पुरा झाला असे मी मानीन.