डोंगराआडचे घर आणि उपग्रह इंटरनेट

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे तालुके मुंबईहून आगगाडीने काही तासांच्या अंतरावर असले, तरी इंटरनेटच्या दृष्टीने त्यांतील सगळी गावे मुंबईला सारखीच जवळ आहेत असे म्हणता येत नाही. महामार्गालगतच्या वडखळ, नागोठणे, कोलाड यांसारख्या गावांत, किंवा गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे सर्वदूर ठाऊक झालेल्या हमरापूर-जोहे परिसरात, मनोऱ्याची रेंजही मिळते आणि केबलवाल्याची तारही उंबऱ्यापर्यंत येते. पण त्याच पेण तालुक्यात पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांपैकी अनेकांत, तसेच रोह्यात कुंडलिकेच्या खोऱ्याच्या दोन्ही अंगांना डोंगरांच्या कुशीत असलेल्या वस्त्यांत, एक फोन लावायचा तर टेपाडावर जाऊन उभे राहावे लागते. अशा घरांपुढे आता उपग्रह इंटरनेटचा, म्हणजे छपरावरील किंवा अंगणातील तबकडीने थेट अवकाशातील उपग्रहाशी संदेशांची देवाणघेवाण करून मिळणाऱ्या जोडणीचा, पर्याय येत आहे. त्याची निवड कंपनीच्या जाहिरातीवरून करण्याऐवजी घराच्या जागेवरून करावी, कारण या दोन तालुक्यांत आकाश, पाऊस आणि वीज या तीन गोष्टी घरागणिक बदलतात आणि सेवा चालणार की नाही हे त्याच ठरवतात.

तबकडीचा विचार करण्यापूर्वी जमिनीवरचे उपाय खरोखरच संपले आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने संदेश नेणारी तार, पोहोचवण्याची योजना केंद्र सरकारने 2011 मध्ये मंजूर केली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. परंतु ग्रामपंचायतीचे कार्यालय एका गावात आणि तिच्या वाड्या दोन-तीन किलोमीटरवर डोंगरात, अशी रचना या भागात सर्रास आढळत असल्यामुळे तार कार्यालयात पोहोचली तरी वाडी कोरडी राहते. घरात रेंज नसली आणि माळ्यावर किंवा परसातल्या उंच जागी ती थोडीफार सापडत असली, तर तेथे बाहेरच्या अँटेनाचा फोर-जी राऊटर बसवून घरभर वाय-फाय देता येते, आणि हा उपाय तबकडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. मात्र ही रेंज सकाळी, रात्री नऊच्या सुमारास आणि लाईट गेल्यानंतर अर्ध्या-एक तासाने, अशी तीन वेळा तपासावी. तिसऱ्या तपासणीत अनेक मनोरे नापास होतात, कारण त्यांच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात.

जेथे तार नाही आणि मनोराही दिसत नाही, तेथे उपग्रहाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो, आणि त्यात पहिला भेद कक्षेचा असतो. विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या गतीशी जुळलेला असल्यामुळे जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो. या कक्षेला भूस्थिर कक्षा म्हणतात. महाराष्ट्राला ही कक्षा नवी नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील आर्वी येथे 1971 मध्ये सुरू झालेले भूकेंद्र अशाच उपग्रहांमार्फत परदेशांशी दूरध्वनीचे दळणवळण करत असे, आणि त्यासाठी तेथे सुमारे तीस मीटर व्यासाची तबकडी उभारावी लागली होती. आज एक मीटरच्या आसपासची तबकडी पुरते. इस्रोच्या जीसॅट-11 आणि जीसॅट-29 या उपग्रहांवरून ह्यूजेस कम्युनिकेशन्स इंडिया या कंपनीने सप्टेंबर 2022 मध्ये अधिक क्षमतेची सेवा सुरू केली.

या कक्षेची अडचण अंतराची आहे, आणि ती कोणत्याही यंत्राने दूर होणारी नाही. प्रकाशाच्या वेगाने निघालेला संदेश वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद घेतो; विचारलेल्या गोष्टीचे उत्तर परत यायचे तर पुन्हा तेवढेच अंतर कापावे लागते, म्हणजे अर्धा सेकंद केवळ प्रवासात जातो, आणि इतर विलंब धरून प्रत्यक्षात तो सहाशे मिलिसेकंदांच्या पुढे सरकतो. ध्वनिमुद्रित व्याख्यान पाहणे, अर्ज भरणे, सातबारा उतरवून घेणे यांत हा विलंब फारसा जाणवत नाही. परंतु मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाशी समोरासमोर पाहून बोलताना दोघेही एकाच वेळी बोलू लागतात आणि दोघेही थांबतात. ज्या घराला प्रामुख्याने शिक्षणाचे चित्रफितीतले धडे आणि सरकारी कामे हवी आहेत, त्या घराने या विलंबाला घाबरण्याचे कारण नाही; ज्याला घरी बसून दिवसभर कार्यालयाच्या बैठकांना हजर राहायचे आहे, त्याने मात्र ही सेवा घेताना विचार करावा.

दुसरी कक्षा जमिनीलगतची. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे 550 किलोमीटर उंचीवर आणि यूटेलसॅट वनवेबचे सुमारे 1,200 किलोमीटर उंचीवर फिरतात, त्यामुळे विलंब कितीतरी पटीने कमी होऊन साध्या तारेच्या जोडणीच्या जवळ येतो. हे उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असल्यामुळे एक उपग्रह काही मिनिटांतच दृष्टीआड होतो. तबकडीला एकामागून एक उपग्रह धरत राहावे लागते, आणि ती हे काम न हलता, आतल्या अनेक लहान अँटेनांच्या साह्याने रेडिओ लहरी वळवून करते. वनवेबचा भर संस्था आणि सरकारी खात्यांवर असल्यामुळे घरगुती ग्राहकाच्या तोंडी नाव असते ते स्टारलिंकचे.

या भेदातून पेण-रोह्याच्या घरासाठी जो महत्त्वाचा निष्कर्ष निघतो, तो माहितीपत्रकांत सहसा सापडत नाही. जीसॅट-11 हा उपग्रह 74 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि पेणचा रेखांश सुमारे 73 अंश आहे; म्हणजे पेणच्या अंगणातून हा उपग्रह जवळजवळ थेट दक्षिणेला, क्षितिजापासून 68 अंशांच्या आसपास उंच दिसतो. गावात डीडी फ्री डिशच्या तबकड्या आग्नेयेकडे तोंड करून असतात, त्यापेक्षाही ही जागा उंच आहे. त्यामुळे घर डोंगराच्या अगदी कुशीत असले तरी डोंगर आड येत नाही. दक्षिणेला डोक्यावर झुकलेला आंबा तेवढा नको. याउलट जवळच्या कक्षेच्या तबकडीला आकाशाचा एकच ठिपका पुरत नाही, तिला सुमारे शंभर ते एकशे दहा अंशांचा शंकूसारखा मोकळा भाग लागतो. याचा साधा हिशेब असा की तबकडीपेक्षा दहा मीटर उंच असलेले झाड तिच्यापासून निदान चौदा-पंधरा मीटर दूर असावे लागते. ज्या घराभोवती नारळी-पोफळीचे आगर आहे, तेथे ही अट पाळणे अवघड असते, आणि केवळ वेगाच्या आकड्यांकडे पाहून सेवा घेतली तर दर थोड्या वेळाने जोडणी तुटत राहते. नारळ तोडून तबकडी बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देणाऱ्या झाडापेक्षा उंच लोखंडी खांब स्वस्त असतो.

पावसाचा विचार तर या जिल्ह्यात सर्वांत आधी करावा लागतो, कारण रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. घरगुती तबकडी ज्या लहरी वापरते त्यांची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर असते. काही मिलिमीटरच्या थेंबांनी भरलेल्या हवेतून जाताना त्यांची शक्ती शोषली आणि विखुरली जाते. आषाढातल्या मोठ्या सरीत दूरदर्शन संचावरचे चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते, त्याचे कारण हेच आहे, आणि दोन्ही कक्षांच्या सेवांना ते लागू पडते. रिमझिम पावसाने काही बिघडत नाही. काळे ढग उतरून धो-धो पाऊस सुरू झाला की काही मिनिटे ते अर्धा तास वेग घसरतो किंवा जोडणी जाते. भूस्थिर सेवेत याखेरीज मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभी, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आल्यामुळे, दुपारी काही मिनिटांचा खंड काही दिवस पडतो.

तबकडी बसवण्याच्या कामातही पावसाची जाण हवी. कौलांवर किंवा पत्र्यावर खांब रोवला तर पहिल्याच पावसात तेथून गळती सुरू होते, म्हणून खांब भिंतीला किंवा अंगणातल्या सिमेंटच्या पायात घ्यावा. तार भिंतीच्या भोकात शिरण्यापूर्वी तिला खालच्या बाजूस वीतभर झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या टोकाशी थेंब-थेंब गळून जाते आणि राऊटरपर्यंत पोहोचत नाही. भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे. धरमतर खाडीलगतच्या खारेपाटात खारी हवा लोखंड खाते, म्हणून तेथे पट्ट्या आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. आणि परतीच्या पावसातल्या विजा लक्षात घेता खांबाला अर्थिंग दिलेच पाहिजे.

वीज हा तिसरा आणि दुर्लक्षित प्रश्न आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा जिल्ह्यात विजेचे खांब आडवे झाले, मनोरे बंद पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात व संपर्काविना राहिली. उपग्रहाची तबकडी अशा वेळी जमिनीवरच्या मनोऱ्यावर अवलंबून नसते, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. परंतु घरात वीज नसेल तर तोही निरुपयोगी ठरतो. जवळच्या कक्षेची घरगुती तबकडी साधारण 75 वॉट वीज सतत घेते असे धरले, तर दिवसाला 1.8 युनिट आणि महिन्याला 54 युनिट होतात, आणि लहान घराच्या वीजबिलात हा आकडा उठून दिसतो. 150 अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी निम्मी वापरली तर दहा-बारा तास निघतात, तेही पंखे बंद ठेवून. तेव्हा सेवेच्या खर्चात बॅटरी, आणि शक्य असल्यास सौर पट्टी, आरंभीच धरावी.

परवान्यांची स्थिती थोडक्यात अशी आहे. स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना जून 2025 मध्ये आणि अवकाश क्षेत्राची नियामक संस्था असलेल्या इन-स्पेसची मंजुरी पुढच्याच महिन्यात मिळाली. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने या कंपनीशी इरादापत्र केले, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांवर भर आहे. रायगडाचे नाव त्या चारांत नाही, आणि मुंबईच्या सावलीत असलेल्या डोंगराळ वाड्यांची अडचण नेहमीच अशी नजरेआड होते, हे खेदाने नोंदवावे लागते. 2025 संपेपर्यंत या कंपनीची घरगुती विक्री देशात सुरू झालेली नव्हती. 2021 मध्ये परवान्याआधीच घेतलेली आगाऊ नोंदणीची रक्कम तिला परत करावी लागली होती. म्हणून अधिकृत विक्रीची खात्री झाल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये, आणि आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकाने प्रेमाने यंत्र आणण्याची तयारी दाखवली तरी परवानगीशिवाय ते येथे चालवणे बेकायदा आहे. करार वाचताना महिन्याचा आकार, तबकडीची किंमत, ठरावीक वापरानंतर वेग किती खाली येतो, आणि पावसाळ्यात बिघाड झाल्यास माणूस कोठून येणार, या चार गोष्टी लेखी घ्याव्यात.

घरच्या तबकडीचे वाय-फाय पडवी आणि अंगणापलीकडे जात नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तिचा उपयोग होत नाही, त्याला मनोराच लागतो. त्यामुळे मनोऱ्याची मागणी सोडून देणे वाडीच्या हिताचे नाही. दरम्यान तीस-चाळीस घरांच्या वाडीत प्रत्येकाने तबकडी घेणे परवडणारे नसेल, तर शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या छपरावर संस्थेच्या नावाने एकच जोडणी घेणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण घरगुती जोडणी शेजाऱ्यांना वाटणे बहुधा करारात बसत नाही. तेथे मुलांना संध्याकाळी बसता येते, शिधापत्रिकेची ई-केवायसी करता येते, आणि रात्री-अपरात्री आजारी माणसासाठी रुग्णवाहिका बोलावता येते. अशी जोडणी घेताना ग्रामसभेच्या ठरावात तीन नावे घालावीत: महिन्याची वर्गणी गोळा करणाऱ्याचे, तबकडीवर वाढणाऱ्या फांद्या छाटणाऱ्याचे, आणि मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, बॅटरीचे पाणी पाहणाऱ्याचे.