फेड की टेपर? खुर्चीत बसल्यावर नक्की काय सांगायचं

आजचा विषय केसांचा आहे. हसू नका, शेवटपर्यंत ऐका, कारण यात माझी फजिती पण आहे आणि पुढं जाऊन डॉक्टर पण आहे.

मागच्या डिसेंबरात चुलतभावाचं लग्न होतं, भूममध्येच. लग्नाच्या चार दिवस आधी मी पुण्यात एका एसी सलूनमध्ये जाऊन बसलो, मोबाइलवर विराट कोहलीचा फोटो काढला आणि म्हणालो, "असंच." बस, एवढंच बोललो. पाऊण तासानं आरशात बघतो तर दोन्ही बाजूंनी कानशिलाच्या वरपर्यंत नुसती कातडी. आणि डाव्या बाजूला मागं, लहानपणी विहिरीच्या कठड्यावरून पडलो होतो, त्या टाक्यांची खूण सगळ्या जगाला दिसतेय. ती खूण मी स्वतः पंधरा वर्षांनी बघत होतो राव.

घरी आलो. आई म्हणाली, "काय रं, ताप येऊन गेला का?" आजी तर बोललीच नाही आधी. मग हळूच म्हणाली, "लग्नघरात असं डोकं करून येतात व्हय?" आपल्याकडं डोकं उतरवलं की त्याचा अर्थ काय होतो तुम्हाला माहितीय. तिच्या जागी ती बरोबरच होती.

मग गेलो आमच्या भूमच्या कटिंगवाल्या काकांकडं. लहानपणी खुर्चीच्या हातांवर फळी टाकून मला बसवायचे, तेच काका. आता दुकान त्यांचा मुलगा चालवतो. तो दादा पुण्यात काही वर्षं काम करून आलाय, बाकीचं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलाय, आणि फेड असा मारतो की बार्शीवरनं पोरं येतात. त्यानं मशीन हातात घेतलीच नाही आधी. दोन मिनिटं नुसता डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "फोटोतल्या माणसाचं डोकं वेगळं, तुझं वेगळं. तुझं मागनं चपटं आहे. तिथं केस ठेवायला पाहिजे होते, त्यांनी तिथलेच काढले." मी एवढी वर्षं कोड लिहितोय, दुसऱ्याचा कोड न वाचता कॉपी केला की काय होतं हे मला माहीत असायला पाहिजे होतं.

तर आधी फरक समजून घेऊ. टेपर म्हणजे केस फक्त कडेला उतरत जातात. कल्ले आणि मानेजवळचा भाग, एवढंच. कानाच्या वर केस राहतात, कंगवा फिरतो. फेड म्हणजे तोच उतार, पण डोक्याला सगळीकडून वळसा घालून जातो आणि खाली बऱ्याचदा पार कातडीपर्यंत येतो. हा उतार कुठून सुरू होतो त्यावर नावं. कानाच्या जरा वरून म्हणजे लो, कानशिलाच्या आसपास म्हणजे मिड, त्याच्याही वर गेला की हाय. ड्रॉप फेड म्हणजे कानामागं ती रेघ खाली झुकते. मागनं चपटं डोकं असलेल्यांना ड्रॉप बरा दिसतो, कारण मागं केस शिल्लक राहतात. मला हेच पाहिजे होतं आणि मी मागितलं नाही.

आता नंबर. हा भाग नीट ऐका, सगळं इथं आहे. मशीनवर जे प्लॅस्टिकचं लावतात त्याला गार्ड म्हणतात. साधारणपणे १ नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३. मशीनच्या बाजूला एक छोटा दांडा असतो, लिव्हर. तो बंद केला की पाती जवळ येतात, केस अजून बारीक होतात. उघडला की किंचित लांब राहतात. फेडमधला सगळा धूर, म्हणजे तो काळ्यातून पांढऱ्यात विरत जाणारा भाग, या लिव्हरच्या खेळातून निघतो. गार्ड नुसते बदलले तर पायऱ्या दिसतात, शेताच्या बांधासारख्या.

मला हे नंबर कळले ते २०२० मध्ये. लॉकडाऊनमध्ये घरून काम म्हणून भूमला आलो होतो, सगळी सलून बंद. महाराष्ट्रात ती उघडली २८ जूनला, आणि ती पण फक्त कटिंगसाठी, दाढीला परवानगी नव्हती. तोपर्यंत आम्ही भावंडांनी एका ट्रिमरवर एकमेकांची डोकी नासवली. त्या काळात काकांच्या घरात काय चाललं असेल याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. नंतर दादानं सांगितलं, तीन महिने गल्ल्यात रुपया नव्हता. आजोबांच्या वेळी त्यांच्या घराला बलुतं होतं, वर्षभर गावाच्या दाढ्या करायच्या आणि सुगीला ज्वारी मिळायची. "तेव्हा निदान धान्य तरी यायचं," असं म्हणाला. मी गप्प बसलो.

बरं, परत केसांवर. फेडचा एक हिशोब कुणी सांगत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे दहा दिवसांत तीन-चार मिलिमीटर. म्हणजे आज जिथं कातडी आहे तिथं दहा दिवसांनी १ नंबर झालेला असतो, तुम्ही काही न करता. स्किन फेड ताजा दिसतो दहा-बारा दिवस, फार तर दोन आठवडे. टेपर तीन-चार आठवडे आरामात जातो. भूममध्ये मी शंभर रुपये देतो, पुण्यात तीनशे. आता तुमच्या खिशाला काय झेपतंय ते बघा. लग्न, साखरपुडा असेल तर फेड दोन-तीन दिवस आधी मारा. नोकरीची मुलाखत असेल तर लो टेपर, डोळे झाकून. भरतीच्या पोरांना मी काय सांगू, त्यांना बारीकच लागतं.

चेहऱ्याचं थोडक्यात सांगतो. चेहरा गोल असेल तर बाजू कमी आणि वर उंची ठेवा. चेहरा लांब असेल तर हाय फेड नको, तो अजून लांब दिसतो, बाजूला केस राहू द्या. भोवऱ्यापाशी फार बारीक करू नका, तिथले केस उभेच राहतात. दोन भोवरे असतील तर दोन लग्नं होतात म्हणे. माझे दोन आहेत, अजून एक पण झालेलं नाही.

आणि ज्यांचं कपाळ मोठं व्हायला लागलंय त्यांच्यासाठी. मी पण त्यातलाच, तिशी जवळ आलीय. आपण काय करतो, वरचे केस वाढवतो आणि झाकतो. उलटं करायचं. बाजूचे केस दाट राहिले की वरचे विरळ जास्त दिसतात. बाजू लो किंवा मिडपर्यंत कमी केल्या आणि वरचे पण आखूड ठेवले की फरक मिटतो. जेल लावू नका, ओले केस एकमेकांना चिकटतात आणि टाळू दिसते. मॅट क्ले घ्या, हरभऱ्याएवढी, तळहातावर चोळून, कोरड्या केसांत मागून पुढं. आणि कपाळाची रेघ वस्तऱ्यानं सरळ करून घेऊ नका. सरळ करायची तर ती मागंच सरकवावी लागते, आणि परत आलेल्या खुंटांनी चार दिवसांत कपाळ हिरवट दिसतं. हेल्मेट घालणाऱ्यांनी तर टेक्श्चर असलेला आखूड कट घ्यावा. हेल्मेट काढलं, बोटं फिरवली, झालं. पण हेल्मेट घाला. बार्शी रोडला केस वाचवत बसू नका.

आता डॉक्टरकडं येतो. त्या पुण्याच्या कटिंगनंतर साधारण दोन आठवड्यांनी माझ्या मानेवर गोल लाल चट्टा उठला. कडा लाल, मधे जरा साफ, खाज. नायटा. तो त्या मशीनमधूनच आला असं मी शपथेवर सांगू शकत नाही, जिममधला टॉवेल पण असू शकतो. पण कातडीला लागून मशीन फिरली की बारीक ओरखडे पडतात, आणि बुरशीला तेवढं पुरतं. स्पेनमध्ये गेल्या काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांनी अशाच फेड करणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये डोक्याच्या नायट्याचे रुग्ण वाढल्याचं नोंदवलंय, नीट साफ न केलेल्या मशिनींवर त्यांचा संशय आहे.

मी काय केलं? मेडिकलमधून एक ट्यूब आणली. तीन दिवसांत लाली गेली, मी खूश. आठवड्यात दुप्पट जागी पसरला. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लाली दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सहा आठवडे. चट्टा गेल्यावर पण कोर्स पूर्ण करायला लावला. डोक्यात झाला असता तर तिथले केस पण गळाले असते.

म्हणून खुर्चीत बसल्यावर बघा. पाती ब्रशनं झाडून स्पिरिट किंवा स्प्रे मारला का? ब्लेड तुमच्यासमोर नवीन काढलं का? मानेला तोच टॉवेल सकाळपासून फिरतोय का? विचारायला लाज वाटते, मला पण वाटायची. मी दादाला म्हणालो, "दादा, रागावू नकोस, मशीन पुसून घेतोस का?" तो हसला, म्हणाला, "माझ्या पोराची कटिंग पण ह्याच मशीननं करतो मी." आणि पुसली.

आणि कटिंग सांगताना फोटो दाखवाच, पण बाजूचा आणि मागचा. समोरच्या फोटोत फेड दिसतच नाही. मग शब्दात सांगा. माझं वाक्य आता पाठ झालंय: "लो टेपर, बाजूला ३ नंबरच्या खाली जाऊ नका, वर कात्री, कल्ले ठेवा, मागं रेघ नको, उतरतं सोडा." शेवटचं विसरू नका. मागं चौकोनी रेघ मारली की आठ दिवसांत तिच्याखाली लव येते आणि मान मळल्यासारखी दिसते.

माझी ती टाक्यांची खूण झाकायला दोन महिने गेले. लग्नाच्या अल्बममध्ये मी सगळीकडं फेटा बांधून आहे, जेवणाच्या पंगतीत सुद्धा.

आज रविवार आहे, दुकानात नंबर लागणार नाही, उद्या सोमवार, आमच्याकडं बंद. मी मंगळवारी सकाळी जातोय. चला, भेटू पुढच्या भागात.