पेटीची चावी आणि रेडिओचा सर्व्हर



मी आत्ता माइकसमोर बसून तुमच्याशी बोलतेय असं वाटत असेल. पण हे बोलणं मंगळवारीच रेकॉर्ड झालंय आणि या घटकेला मी बहुतेक एखाद्या गटाच्या बैठकीत बसलेली असेन. मग हे लावलं कुणी? केंद्राच्या कोपऱ्यातल्या एका संगणकानं. सकाळची भजनं, शेतीची माहिती, आपल्या बायकांच्या मुलाखती, सगळं ठरल्या वेळी एकामागून एक तोच लावतो. त्याला सर्व्हर म्हणतात. आज त्याच्याबद्दल बोलायचं कारण असं, की त्यात आपल्या आवाजांचा बराच साठा झालाय आणि त्याची राखण कुणी करायची हे आपण अजून ठरवलेलं नाही.

2006 साली सरकारनं स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायला परवानगी दिली. त्यातूनच म्हसवडला माणदेशीचं केंद्र उभं राहिलं, आपल्या नगरात स्नेहालयचा रेडिओ नगर 90.4 आला. अशा छोट्या केंद्रांना महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही. त्यासाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर असतात. म्हणजे आतली सगळी रचना उघडी, कुणीही वाचावी, वापरावी, सुधारावी. रिव्हेंडेल आहे, लिब्रटाइम आहे, आणि दिल्लीच्या ग्रामवाणीनं खास आपल्यासारख्या केंद्रांसाठी बनवलेलं ग्रिन्स आहे. लिनक्सवर चालतात. साधा जुना डेस्कटॉपही पुरतो. परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण राखण करावी लागते, आणि ती फुकट होत नाही.

आता लिब्रटाइमचंच बघा. नवं बसवलं की त्याचं नाव ‘अॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अॅडमिन’. हे माहितीपुस्तिकेतच छापलेलं आहे, म्हणजे ते साऱ्या जगाला ठाऊक. पहिल्याच दिवशी बदललं नाही, तर नवं कुलूप आणून चावी त्यालाच लटकत ठेवल्यासारखं.

हे काही उगाच घाबरवणं नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या एका टीव्ही केंद्रावर चालू कार्यक्रमात संकटाचा इशारा वाजला, की थडग्यांतून मेलेली माणसं उठून जिवंतांवर हल्ला करताहेत. इशारा देणाऱ्या यंत्राचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. 2016 साली अमेरिकेतल्याच काही रेडिओ केंद्रांवर परक्यानं घुसून भलताच अश्लील कार्यक्रम लावला. स्टुडिओचा आवाज टॉवरपर्यंत नेणारी छोटी पेटी इंटरनेटवर उघडी पडली होती, तीही नीट पासवर्ड न लावता. आपल्याकडे असं झालं तर हसण्यावारी जाणार नाही. ज्या सासूबाईंची समजूत काढून सुनेला केंद्रात पाठवायला लावलं, त्या दुसऱ्या दिवशी तिला पाठवतील का?

म्हणून सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. राउटरमधून बाहेरून आत यायची वाट द्यायची नाही, लिनक्समधली फायरवॉल चालू ठेवायची, ‘घरून बघता येईल’ म्हणून कुणी काही बसवत असेल तर नको म्हणायचं. ऑफिसचं टायपिंग, ईमेल, मोबाइलमधले फोटो हे सगळं दुसऱ्या मशीनवर. प्रसारणाच्या मशीनला गावभर फिरलेला पेनड्राइव्ह लावायचा नाही. अपडेट करायचे, पण कार्यक्रम चालू असताना नाही.

पासवर्ड कुणाकडे असावा, यावर मात्र माझं ठाम मत आहे. एका केंद्रात मशीन बसवून देणाऱ्यानं मुख्य पासवर्ड स्वतःकडेच ठेवला. पुढे तो गाव सोडून गेला, फोन लागेना, आणि स्वतःच्याच केंद्रात बाया पाहुण्यासारख्या बसून राहिल्या. आपल्या गटात पेटी एकीकडे आणि चावी दुसरीकडे ठेवतो ना? तसंच इथं. जिला फक्त गाणी लावायची आहेत तिला तेवढंच खातं. लिब्रटाइममध्ये पाहुणा, डीजे, कार्यक्रम व्यवस्थापक आणि अॅडमिन अशा पायऱ्याच आहेत. दहा जणींनी एकच पासवर्ड वापरला तर काही पुसलं गेल्यावर ते कुणाच्या हातून गेलं हे कळणारच नाही, आणि मग नुसता संशय. मुख्य पासवर्ड लिफाफ्यात घालून त्यावर दोघींच्या सह्या, लिफाफा पेटीत, आणि तशी नोंद ठरावाच्या वहीत. तंत्रज्ञ दादांना काम पडलं तर आपल्यासमोर लिफाफा फोडायचा, काम झालं की पासवर्ड नवा.

दुसरं, बॅकअप. रिव्हेंडेल आवाजाच्या फायलींना नावं देत नाही, आकडे देतं. 010001_001 असं काहीतरी. हा आवाज अकोल्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओवीचा की खत कसं घालावं याचा, हे वेगळ्या डेटाबेसमध्ये लिहिलेलं असतं. कुणी नुसत्या फायली उचलून हार्ड डिस्कवर टाकल्या आणि डेटाबेस सोडला, तर मशीन गेल्यावर हाती उरतील हजारो बिननावाचे आकडे. एकेक ऐकून ओळखत बसा. आणि ती आजी तोवर राहिली नाही तर? दोन्ही घ्यायचं, दोन प्रती करायच्या, एक प्रत केंद्राबाहेर. प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो, तो नियमही यातच पाळला जातो.

आपल्याकडे वीज जाते-येते, तेव्हा यूपीएस तर हवाच. पण मशीनच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो संपला की वीज गेल्यावर संगणकाचं घड्याळ चुकतं, आणि घड्याळ चुकलं की पहाटेची भजनं भरदुपारी वाजतात. सेल अगदी स्वस्त मिळतो.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या बायका मुलाखतीत उचलीबद्दल बोलतात, मुकादमाचं नाव घेतात, फडातल्या रात्रीबद्दल सांगतात. प्रसारणात आपण नाव कापतो, कधी आवाजही बदलतो. पण न कापलेली मूळ फाइल? तिच्यात नाव, गाव, सगळं असतं. ती प्रसारणाच्या सर्व्हरवर राहताच कामा नये. ती वेगळ्या, कुलूपबंद डिस्कवर, म्हणजे पासवर्ड दिल्याशिवाय आतलं काही वाचताच येणार नाही अशा. काही जण म्हणतील, मग सर्व्हरचीच डिस्क तशी करा. मला ते पटत नाही. रात्री वीज जाऊन आली की तो पासवर्ड मागत अडून बसेल, आणि पहाटे पाचला केंद्र मुकं. म्हणून सर्व्हर साधा, मूळ मुलाखतींची डिस्क कुलूपबंद. आणि बाईला आधीच विचारायचं, मूळ फाइल ठेवायची की कार्यक्रम झाल्यावर पुसायची. ती पुसा म्हणाली तर पुसायची, बॅकअपमधूनही.

येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता आपण केंद्रात बॅकअप दुसऱ्या रिकाम्या मशीनवर चढवून पाहणार आहोत. घेतलेला बॅकअप परत उघडतो का, हे आजवर कुणी तपासलेलं नाही. प्रत्येक गटातून एक जण यावं, दहावी झालेली असो वा नसो. पेनड्राइव्ह आणू नका, वही आणा.