चावीच्या ग्रामोफोनची स्प्रिंग

चावीच्या ग्रामोफोनची सगळी ताकद एका लांब पोलादी पट्टीत असते.
ही पट्टी, म्हणजेच स्प्रिंग, गोल डबीत गुंडाळून बसवलेली असते.
चावी दिली, की ती आवळते.
सुटताना ती तबकडीखालची थाळी फिरवते.

श्रोतेहो, मोटर, म्हणजे थाळी फिरवणारी ही यंत्रणा, उघडण्याआधी एक गोष्ट करायलाच हवी.
स्प्रिंग पूर्ण उतरू द्यायची.
ब्रेक सोडायचा, आणि थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्यायची.

कधी कधी गाणं चालू असताना आतून 'धप्' असा आवाज येतो.
सूर क्षणभर लटपटतो.
अशा वेळी स्प्रिंग बहुधा शाबूत असते.
डबीतलं जुनं ग्रीस मात्र वाळलेलं असतं.
त्यामुळे पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटतात,
आणि झटक्याने सुटतात.
जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन,
ग्रॅफाइट मिसळलेलं नवं ग्रीस भरलं, की हा आवाज जातो.

चावी कितीही फिरवली, तरी ताणच लागत नाही?
मग स्प्रिंग तुटलेली असते,
किंवा तिचं टोक आकड्यातून निसटलेलं असतं.

वेग सांभाळतो तो गव्हर्नर.
त्याच्या चकतीला नमद्याचा किंवा चामड्याचा छोटा तुकडा टेकलेला असतो.
तो कोरडा पडला, की मोटर किरकिरते.
तेलाचा एक थेंब पुरतो.

पुन्हा एकदा: आधी स्प्रिंग उतरू द्यायची, मगच मोटर उघडायची.
उतरलेली स्प्रिंगही डबीत दाबलेलीच असते.
उसळली तर बोटं कापते.
म्हणून डबी उघडायचं काम जाणत्या कारागिराचंच.