आठ तासांत तीन बंदरें

समुद्रपर्यटनास निघालेलें मोठें जहाज सकाळीं एखाद्या बंदरांत धक्क्याला लागतें आणि सायंकाळीं नांगर उचलून निघून जातें. मधले आठ-नऊ तास तेवढे प्रवाशाच्या मालकीचे असतात. त्यांचा विनियोग करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग जहाजाच्या व्यवस्थापकांनीं आंखून दिलेल्या सहलीचा. त्यांत मोटार तयार, वाटाड्या तयार, भोजनाची जागाही ठरलेली. आणि सहलीस परतण्यास उशीर झालाच, तर जहाज बहुधा तिची वाट पाहतें. दुसरा मार्ग स्वतंत्रपणें, आपल्या पायांनीं आणि आपल्या बुद्धीनें शहर पाहण्याचा. त्यांत खर्च थोडा आणि मोकळीक पुष्कळ; परंतु वेळ चुकली तर जहाज थांबत नाहीं, आणि मागें राहिलेल्या प्रवाशाला पुढचें बंदर पदरमोड करून गांठावें लागतें. म्हणून दुसरा मार्ग पत्करणारानें आधीं हिशेब शिकावा आणि मग इतिहासाकडे वळावें.

मुंबईस हीं जहाजें बॅलार्ड पियरच्या धक्क्याला लागतात. पूर्वीं विलायतेच्या डाकबोटीही येथेंच लागत. उतरलेला प्रवासी गेट वे ऑफ इंडिया, मणिभवन, फार तर घारापुरीचीं लेणीं पाहून परततो, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु अलीकडे या जहाजांवर मराठी कुटुंबेंही पुष्कळ असतात. कांहीं येथलीच, तर कांहीं परदेशीं स्थायिक झालेलीं. आणि त्यांतल्या एखाद्याचें आजोळ ठाण्याचें किंवा कल्याणचें निघतें. अशा प्रवाशाच्या मनांत सहज प्रश्न येतो कीं, एवढ्या वेळांत तिकडे जाऊन येतां येईल काय? याचें उत्तर असें कीं, येईल. आणि गेल्यास त्याला एका ऐवजीं तीन बंदरें पाहिल्याचें समाधान मिळेल. कारण ठाणें आणि कल्याण हीं आज लोकल गाड्यांचीं गजबजलेलीं स्थानकें म्हणून सर्वांस ठाऊक असलीं, तरी मुंबईचें नांवही कोणास माहीत नव्हतें त्या काळीं तीं बंदरें होतीं.

हें समजण्यास नकाशाकडे पाहिलें पाहिजे. सह्याद्रींत खंडाळ्याच्या बाजूस उगम पावलेली उल्हास नदी कल्याणपाशीं येते. काळू आणि भातसा यांचेंही पाणी तिला येऊन मिळतें, आणि तेथून पुढें ती नदी न राहतां खाडी होते. डोंबिवलीच्या पश्चिमेचा किनारा भिजवीत ती ठाण्याच्या उत्तरेस येते. तेथें पाण्याचे दोन फांटे होतात. मोठा फांटा घोडबंदरावरून पश्चिमेस वसईकडे समुद्रास मिळतो. दुसरा, अरुंद आणि उथळ, ठाण्याच्या पूर्वेकडून दक्षिणेस वळतो आणि पुढें रुंद होत होत मुंबई बंदरांत शिरतो. या दोन फांट्यांच्या कवेंत साष्टी बेट आहे. म्हणजे ज्या पाण्यावर प्रवाशाचें जहाज उभें आहे, त्याच पाण्याच्या वरच्या अंगास ठाणें आणि त्याहून वर कल्याण.

या खाडींतून गलबतें चालत तीं भरती-ओहोटीच्या बळावर. सुमारें सहा तास पाणी चढतें आणि तितकाच वेळ उतरतें. तांडेल भरतीबरोबर वर जाई, माल उतरवून दुसरा भरी, आणि ओहोटीबरोबर खालीं येई. वेळ साधली नाहीं तर गलबत चिखलांत रुतून बसे. आजच्या प्रवाशानें याच तांडेलाचा धडा गिरवावा. मुंबईच्या लोकल गाड्यांनाही भरती-ओहोटी आहे. सकाळीं माणसांचा लोंढा कल्याण-डोंबिवलीकडून मुंबईकडे येतो, सायंकाळीं तो उलट फिरतो. जहाजाचा प्रवासी सकाळीं मुंबईहून कल्याणकडे निघतो आणि दुपारीं परततो. म्हणजे दोन्ही वेळां तो लोंढ्याच्या विरुद्ध दिशेनें जातो, आणि त्यामुळें त्याला बहुधा बसावयास जागा मिळते. मात्र सायंकाळचे पांच वाजण्यापूर्वीं त्यानें मुंबई गांठली पाहिजे. त्यानंतर मुख्य स्थानकावर उतरून गर्दींतून बाहेर पडणें हेंच एक काम होऊन बसतें.

दुसरा नियम असा कीं, सर्वांत दूरचें ठिकाण प्रथम पाहावें आणि जहाजाच्या दिशेनें येत येत जवळचें पाहावें. मध्यें कोठें खोळंबा झाला, तर जवळचें ठिकाण वगळून सरळ परततां येतें. याच्या उलट जो जवळचें आधीं पाहतो, त्याचा सगळा धोका दिवसाच्या शेवटीं आणि जहाजापासून सर्वांत दूर असतांना येतो.

समजा, जहाज आठ वाजतां लागलें. कागदपत्रांची तपासणी होऊन धक्क्याबाहेर पडण्यास नऊ वाजतील. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस तेथून दीडएक किलोमीटर. साडेनऊच्या सुमारास कल्याणची जलद गाडी धरली, तर सुमारें ५४ किलोमीटरांचें अंतर तास-सवा तासांत सरतें. वाटेंत ठाणें सोडतांच गाडी खाडी ओलांडते आणि पारसिकच्या डोंगराशीं येते. भारतांतील पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत धांवली. १ मे १८५४ रोजीं तोच मार्ग खाडी ओलांडून कल्याणास पोंचला. गलबतांच्या व्यापारावर शेवटचा घाव पडला तो याच मार्गानें.

कल्याणास उतरल्यावर पश्चिमेच्या बाजूनें बाहेर पडून रिक्षानें दुर्गाडीस जावें. खाडीच्या कांठीं एक टेकडी, तिच्यावर तट-बुरुजांचे अवशेष व देवीचें स्थान; खालीं पाणी, पलीकडे भिवंडीची वाट. देखावा साधाच आहे. परंतु येथें उभें राहून दोन हजार वर्षांमागें जावें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत एका व्यापाऱ्यानें लिहिलेलें ‘पेरिप्लस’ नांवाचें समुद्रमार्गाचें पुस्तक उपलब्ध आहे. त्यांत कल्याणचा उल्लेख आहे. वडील सारगनसाच्या काळीं हें बंदर कायदेशीर बाजारपेठ होतें. पुढें तें संदनेसाच्या हातीं गेल्यावर व्यापारास अडथळा झाला, आणि चुकून येथें आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जाऊं लागलीं, असा त्याचा आशय आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या वैराचें हें फळ होय असें विद्वान मानतात. आज प्रवासी एक तिकीट काढून निर्धास्तपणें कल्याणास येतो. त्या काळच्या खलाशाला डोळ्यांसमोर बंदर दिसत असूनही तेथें स्वेच्छेनें व्यापार करण्याची मुभा नव्हती. स्वतंत्रपणें किनाऱ्यावर उतरतां येणें ही गोष्ट किती मोठी आहे, हें येथें उमगतें.

कल्याणचें महत्त्व त्याच्या पाठीमागच्या मुलुखामुळें होतें. मुरबाडवरून नाणेघाट चढला कीं जुन्नर, आणि पुढें पैठण. घाटांत सातवाहनांचा शिलालेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारांमध्यें कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या लेखकानें येथून पितळ, शिसवाचें लांकूड आणि कापड बाहेर जात असल्याचें नमूद केलें आहे. पुढें १६५७ च्या ऑक्टोबरांत शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, आणि १६५९ च्या सुमारास या भागांतील खाड्यांत लढाऊ नौका बांधल्या जाऊं लागल्या. वसईच्या पोर्तुगीजांना याची धास्ती वाटली ती उगीच नव्हे. कल्याणहून समुद्रास जाणाऱ्या दोन्ही वाटा त्यांच्याच ठाण्यांवरून जात होत्या. तरी त्या वाटांच्या माथ्यावर आतां मराठ्यांचें आरमार जन्म घेत होतें.

समुद्र ओलांडणारांत एक नांव विसरतां येत नाहीं. ज्यांचें माहेर कल्याणचें, त्या आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्यें कलकत्त्याहून जहाजानें अमेरिकेस निघाल्या. १८८६ सालीं फिलाडेल्फियास डॉक्टरीची पदवी घेऊन त्या परतल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें निवर्तल्या. दुर्गाडीवरून परततांना जुन्या कल्याणच्या गल्ल्यांतून दहा मिनिटें चालावें. भूक लागली असल्यास येथला खिडकीवडा प्रसिद्ध आहे.

साडेबाराच्या आसपास मुंबईकडे जाणारी गाडी धरून ठाण्यास उतरावें. अर्ध्या तासाच्या आंतच गाडी पोंचते. स्थानकाच्या पश्चिमेस पायीं जाण्याच्या अंतरावर मासुंदा तलाव, आणि त्याच्या कांठीं कौपिनेश्वराचें मंदिर. हें देवस्थान शिलाहारकालीन असल्याची परंपरा आहे. आजच्या मंदिराचा जीर्णोद्धार सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनीं १७६० मध्यें केला. ठाणें म्हणजे शिलाहारांचें श्रीस्थानक. १७८७ सालीं येथें पाया खणतांना अरिकेसरी राजाचा १०१७ सालचा ताम्रपट सांपडला. मार्को पोलोनें या बंदरास स्वतंत्र राज्य म्हटलें आहे, आणि येथून निघणाऱ्या कातड्याचा व सुती कापडाचा उल्लेख केला आहे.

ठाण्याच्या बंदरांतील एक मुक्काम दुःखान्त ठरला. १३२१ सालीं कांहीं ख्रिस्ती साधु दक्षिणेस कोल्लमला जावयास निघाले असतां त्यांचें जहाज येथें आलें. धर्मविषयक वाद उपस्थित होऊन त्यांपैकीं चौघांचा येथील अधिकाऱ्यांच्या आज्ञेनें वध झाला. थोड्याच काळानें ओडोरिक नांवाचा इटालियन प्रवासी ठाण्यास उतरला, आणि त्या चौघांच्या अस्थि बरोबर घेऊन जहाजानें चीनकडे गेला. मध्येंच लागलेल्या बंदरांत परक्या माणसाचें काय होईल, याची शाश्वति त्या काळीं कोणासही नव्हती.

तलावाजवळच सेंट जॉन बॅप्टिस्ट हें पोर्तुगीज काळापासूनचें ख्रिस्तमंदिर आहे. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनीं १७३० मध्यें बांधावयास घेतला. तो पुरा होण्यापूर्वींच १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें, आणि १७७४ च्या अखेरीस तें इंग्रजांकडे गेलें. १८१६ सालीं त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यांतून निसटले. आज तेथें मध्यवर्ती कारागृह असल्यानें किल्ला बाहेरूनच पाहावा. जेवणास मामलेदार कचेरीजवळची मिसळ पुरे. मात्र तिखट न सोसणाऱ्यानें आधीं सांगावें.

हीं बंदरें लयास कां गेलीं? नद्यांनीं आणलेला गाळ सांचत गेला, आणि जहाजें मोठीं होत गेलीं. उथळ खाडींत मोठें जहाज शिरेना, आणि मुंबईस मात्र खोल पाणी हातांशीं होतें. त्यानंतर आगगाडी आली. परंतु ज्या चिखलानें गलबतें घालविलीं, त्याच चिखलावर आज कांदळवनें उभीं आहेत, आणि हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ठाणें खाडीस २०१५ मध्यें अभयारण्याचा आणि २०२२ मध्यें रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे.

आतां कांहीं सावधगिरीच्या सूचना. रविवारीं मध्य रेल्वेवर दुरुस्तीसाठीं मेगाब्लॉक असतो. त्या दिवशीं हा बेत करूं नये. पावसाळ्यांतही करूं नये. तसा पर्यटन-जहाजांचा हंगामही तेव्हां नसतो. घड्याळ जहाजाच्या वेळेशीं जुळवून घ्यावें. जहाज सुटण्याची वेळ नव्हे, तर प्रवाशांनीं परतण्याची जी वेळ जाहीर झाली असेल, ती अखेरची मानावी. जहाजाचें ओळखपत्र, पारपत्राची प्रत आणि बंदरावरील जहाज-एजंटाचा दूरध्वनि-क्रमांक खिशांत असावा. परदेशी नागरिकानें व्हिसा आगाऊ मिळविलेला असावा. परतीस जितका वेळ लागेल असें वाटतें, त्याच्या दुप्पट वेळ हातीं ठेवावा. जो एवढें करील, तो दोन-अडीचच्या सुमारास ठाण्याहून निघून साडेतीन-चारला धक्क्यावर असेल, आणि त्याला धांवपळ करावी लागणार नाहीं.

सायंकाळीं जहाज सुटतें. बहुतेक प्रवासी मागें पडणाऱ्या मुंबईच्या दिव्यांकडे पाहत असतात. या प्रवाशानें घटकाभर ईशान्येकडे, तुर्भ्याच्या टेकड्यांच्या बाजूस पाहावें. तेथेंच खाडीचें मुख आहे. आजोळचें गांव त्याच पाण्याच्या वरच्या टोकास आहे, आणि तेथें जाऊन वेळेवर परततां येतें, एवढें तो आपल्या मुलांना सांगूं शकेल.