एका अद्भुत कादंबरीची जडणघडण

अद्भुतरम्य कादंबरीविषयी आपल्याकडे एक समज रूढ आहे. वास्तववादी लेखकाला भोवतालच्या जगाचे निरीक्षण करावे लागते, ऐतिहासिक कादंबरीकाराला बखरी आणि कागदपत्रे चाळावी लागतात. अद्भुत कथा लिहिणाऱ्याला मात्र यांपैकी कशाचेच बंधन नाही. त्याने डोळे मिटावेत, कल्पनेचा लगाम सैल सोडावा आणि ती नेईल तिकडे जावे, असा हा समज. या वाङ्मयप्रकाराचे पान पंगतीच्या अगदी शेवटी मांडले जाते, त्याचे एक कारण हेही असावे.

या समजाची परीक्षा घ्यावयाची तर एखादी अद्भुत कादंबरी पहिल्या कल्पनेपासून छापील पुस्तकापर्यंत कशी पोहोचली, हे तपासून पाहिले पाहिजे. अडचण अशी की, पुस्तक सिद्ध झाले म्हणजे कच्च्या मसुद्यांची वाट बहुधा रद्दीकडे जाते. परंतु जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या विशाल कादंबरीच्या बाबतीत असे घडले नाही. तिची हस्तलिखिते अमेरिकेतील मार्केट विद्यापीठाने १९५७ साली विकत घेतली. पुढे लेखकाचे पुत्र क्रिस्टोफर टोल्किन यांनी १९८८ ते १९९२ या काळात तिचे मसुदे चार खंडांत संपादित करून प्रसिद्ध केले. त्यामुळे ही कादंबरी कोठे अडखळली, कोठे वळली, हे आज आपल्याला पाहता येते.

टोल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांची ‘द हॉबिट’ ही मुलांसाठी लिहिलेली कथा प्रसिद्ध झाली. हॉबिट म्हणजे माणसाहून ठेंगणी, खाण्यापिण्याची आणि स्वस्थतेची आवड असलेली एक काल्पनिक जात. पुस्तकाला यश मिळाले आणि प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी पुढचा भाग मागितला. टोल्किन यांना खरी ओढ होती ती आपल्या प्राचीन देवकथांची, तरुणपणापासून रचीत आणलेल्या काल्पनिक भाषांची आणि त्या भाषा बोलणाऱ्या लोकांच्या इतिहासाची. ते लेखन प्रकाशकाला नको होते, हॉबिट हवे होते. तेव्हा १९३७ च्या डिसेंबरात त्यांनी एक प्रकरण लिहिले. ते होते एका वाढदिवसाच्या मेजवानीचे!

पुढील कथा काय, हे या वेळी लेखकालाच ठाऊक नव्हते. पहिल्या मसुद्यात जुन्या कथेचा नायक बिल्बो हाच मेजवानी देतो आणि पाहुण्यांच्या देखत अदृश्य होतो. कारण काय, तर त्याच्याजवळची संपत्ती संपत आली आहे. नंतरच्या मसुद्यात बिल्बोच्या जागी त्याचा मुलगा येतो, पुढे मुलाचा दत्तक वारस होतो. या वारसाचे नाव बरेच दिवस बिंगो होते. फ्रोडो हे नाव त्याला नंतर मिळाले. लेखक आपल्या पात्रांना आणि घटनांना पुन:पुन्हा हलवून पाहत होता. कोठेतरी त्या एकमेकींत नीट बसतील, एवढाच त्याचा विश्वास होता.

मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. प्रवासाला निघालेले हॉबिट रस्त्यावर घोड्याच्या टापा ऐकतात आणि झाडीत लपतात. झग्यात गुरफटलेला एक स्वार येतो, थांबतो, हवेत वास घेतो. पहिल्या लेखनात हा स्वार म्हणजे त्यांचाच स्नेही, जादूगार गॅन्डाल्फ होता, आणि प्रसंग विनोदी होता. टोल्किन यांनी तेथेच लेखणी थांबवली आणि पांढऱ्या घोड्याचा काळा घोडा केला. स्वार आता मित्र राहिला नाही. मग तो कोण? त्याला कोणी पाठवले? तो कशाचा शोध घेत आहे? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता लेखकाचे लक्ष बिल्बोच्या अंगठीकडे गेले. जुन्या कथेत ती केवळ अदृश्य करणारी एक सोयीची चीज होती. आता ती एका क्रूर सत्ताधीशाने घडवलेली, धारण करणाऱ्याच्या मनाचा ताबा घेणारी अंगठी झाली. सत्तेचा मोह हा कादंबरीचा गाभा अशा रीतीने लिहिताना हाती आला. तो आधी ठरवलेला नव्हता.

परंतु कल्पनेने दिलेल्या या दानाची किंमत लेखकाला मोजावी लागली. ‘द हॉबिट’ छापून झाले होते. त्यात गॉलम नावाचा प्राणी कोड्यांच्या पैजेत हरल्यास ही अंगठी बिल्बोला बक्षीस म्हणून देण्यास तयार होतो, असे वर्णन होते. अंगठी जर मनाला जखडून टाकणारी असेल, तर गॉलम ती देऊ कशी करील? टोल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले, १९४७ मध्ये प्रकाशकाकडे नमुना म्हणून धाडले, आणि १९५१ च्या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. पण ज्या वाचकांनी जुना पाठ वाचला होता त्यांचे काय? त्यासाठी त्यांनी असा खुलासा योजला की, जुना वृत्तांत ही बिल्बोने सांगितलेली असत्य हकीकत होती, आणि सरळ स्वभावाच्या बिल्बोला असत्य बोलावयास लावणे हाच अंगठीच्या दुष्ट प्रभावाचा पहिला पुरावा होता. कथेतील विसंगतीच तिच्या अर्थाला पोषक ठरली.

अंगठीमुळे कथेचा नैतिक तोल बदलण्याचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात अंगठी नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तेथील दुष्यंत ओळख असूनही ती नाकारतो. कालिदासाने शाप आणि मुद्रिका यांची योजना केली आणि दुष्यंताच्या अपराधाचे स्वरूपच पालटले. एक लहानशी वस्तू नेमक्या जागी ठेवली की तिच्याभोवती सारी कथा नव्याने रचावी लागते, हे काम करणाऱ्या लेखकाला कळते.

या नव्या रचनेत कल्पनेइतकाच हिशेब होता. माणूस दिवसाला किती मैल चालेल, कोणता प्रवासी कोणत्या तारखेस कोठे असेल, याची टिपणे टोल्किन यांनी ठेवली. नकाशे काढले, खोडले, पुन्हा काढले. मे १९४४ मधील एका पत्रात ते सांगतात की, आपल्या कथेतला चंद्र एका प्रदेशात उगवत असताना दुसरीकडे मावळत होता, आणि मागची प्रकरणे दुरुस्त करण्यात सारी दुपार गेली. एवढा खटाटोप कशासाठी? १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी याचे तत्त्व मांडले होते: हिरवा सूर्य असे म्हणणे सोपे आहे, ज्या जगात तो सूर्य विश्वसनीय वाटेल ते जग उभे करण्यास श्रम लागतात. वास्तववादी लेखकाच्या चुका भोवतालचे जग सांभाळून घेते. अद्भुत कथेच्या लेखकाला तो आधार नसतो. त्याच्या जगाला त्याने घातलेल्या नियमांखेरीज दुसरा टेकू नाही.

काम सलग झाले नाही. महायुद्ध आले, कागद दुर्मीळ झाला, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर मसुदे लिहिले गेले. मोरिया नावाच्या भूमिगत नगरात एका थडग्याजवळ पात्रे येऊन पोहोचली आणि लेखक बराच काळ तेथेच अडला. १९४४ मध्ये क्रिस्टोफर विमानदलाच्या शिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत असताना वडील नवी प्रकरणे त्यांना टपालाने पाठवीत. एक वाचक वाट पाहत आहे, या जाणिवेने लेखणी पुन्हा चालू लागली. याच दिवसांत फॅरामिर हे पात्र न बोलावता कथेत चालत आले, असे टोल्किन यांनी मुलाला कळवले आहे. त्याआधी सरायीच्या कोपऱ्यात बसलेली एक अनोळखी व्यक्तीही अशीच आली होती. पहिल्या मसुद्यांत ती लाकडी जोडे घालणारा ट्रॉटर नावाचा हॉबिट होती. कालांतराने त्याच व्यक्तीतून राजवंशाचा वारस अरागॉर्न निर्माण झाला.

मात्र एक गोष्ट बरीच आधी सापडली होती, आणि ती म्हणजे शेवट. आरंभीच्या टिपणांतच असे आढळते की, अग्निपर्वताच्या कड्यावर पोहोचल्यावर नायकाला अंगठी टाकवणार नाही. गॉलम ती हिसकावील आणि तिच्यासह खाली कोसळेल. नायक अखेरच्या क्षणी हरतो आणि पूर्वी गॉलमवर केलेली दया त्याला तारते. ही कल्पना हाती असूनही तेथवर पोहोचण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. कारण हा पराभव खरा वाटण्यासाठी अंगठीचे ओझे वाचकाला पावलोपावली जाणवले पाहिजे होते. त्या शेवटानंतर एक उपसंहारही लिहिला होता. मसुदा वाचणाऱ्यांना तो रुचला नाही आणि लेखकाने तो गाळला.

१९४९ मध्ये टंकलिखित प्रत पूर्ण झाली. व्यवसायी टंकलेखकाचा खर्च परवडण्यासारखा नसल्यामुळे बरेचसे टंकलेखन लेखकाने स्वतःच केले. आपल्या देवकथाही याच पुस्तकासोबत छापाव्यात, या आग्रहापायी प्रकाशकाशी बोलणी फिसकटली आणि दुसऱ्या प्रकाशकाकडेही काही जमले नाही. १९५२ मध्ये अन्विन यांचे पुत्र रेनर पुढे झाले. दहाव्या वर्षी ‘द हॉबिट’चे हस्तलिखित वाचून एका शिलिंगाच्या मोबदल्यात अनुकूल अभिप्राय देणारे तेच. या पुस्तकात १,००० पौंडांचे नुकसान संभवते, असा त्यांचा अंदाज होता. तरीही त्यांनी ते पत्करले. खर्च वसूल होईपर्यंत लेखकाला काही मिळावयाचे नाही आणि पुढचा नफा निम्मा निम्मा, असा करार झाला. पहिले दोन भाग १९५४ मध्ये आणि तिसरा १९५५ मध्ये निघाला. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

सतरा वर्षांच्या या वाटचालीत आरंभीचा समज टिकत नाही, तसा त्याच्या उलट असलेला, सर्व आराखडा आधी आखून मगच लिहावे, हा समजही टिकत नाही. टोल्किन यांनी अनपेक्षित आलेल्या स्वाराला हाकलून दिले नाही. परंतु तो आल्यामुळे उभे राहिलेले प्रश्न टाळलेही नाहीत. छापून झालेले प्रकरणसुद्धा त्यांनी पुन्हा लिहावयास घेतले. मराठीत अद्भुत कथेची वाट चोखाळू पाहणाऱ्या तरुण लेखकाला या मसुद्यांतून धीर मिळावा. त्याचे पहिले प्रकरण केवळ एक मेजवानी असेल, नायकाचे नावही चुकलेले असेल. त्यामुळे काही बिघडत नाही; ते नाव बदलण्याची आणि त्यासाठी मागे वळून सारे पुन्हा लिहिण्याची तयारी मात्र त्याने ठेवली पाहिजे.